जुलाबानंतर दूध पचत नसेल तर

जुलाब होऊन गेल्यापासून दीड वर्षाच्या मुलाला दूध दिलं की पातळ शी होते, ही दुधाची ॲलर्जी का, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, ॲलर्जीचा शिक्का लगेच मारू नका. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम (पाचक द्रव्य) लहान आतड्याच्या अस्तरात तयार होतं आणि रोटाव्हायरससारख्या विषाणूंच्या जुलाबात नेमकं तेच अस्तर खराब होतं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते. पोट गच्च फुगतं, शी फेसाळ आणि आंबूस वासाची होते, ढुंगण लालबुंद होतं. अस्तर भरून आलं की बहुतेक मुलांना काही आठवड्यांत दूध पुन्हा पचायला लागतं. ॲलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची. तिच्यात अंगावर पित्त उठणं, उलट्या, शीतून रक्त असं दिसू शकतं.

तो अजून अंगावर पीत असेल तर ते मात्र कृपा करून तोडू नका. कुणीतरी सांगतं म्हणून कितीतरी आया ते थांबवतात, फार वाईट वाटतं. वरचं दूध थोडे दिवस कमी करा, ताजा दहीभात द्या. विरजणाने लॅक्टोज थोडं कमी होतं, शिवाय दह्यातले जिवाणू उरलेलं पचवायला मदत करतात. कॅल्शियमसाठी नाचणीची खीर पाण्यात शिजवून चालेल. वजन घटत असेल, शीमध्ये रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टरांकडे न्या.