विषय: सेलम सहलीचा फलक आणि हॉल कुटुंब

प्रेषक: वाचनालय समिती

नमस्कार मंडळी,

आपल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या सहलीसाठी फलकाचा मजकूर लिहायला घेतला आहे. तिथल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. त्यांतले गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि सॅम्युएल न्यूएल पुढे मुंबईला पोचले. आपल्या फलकावर आजवर हॉल एकटेच असायचे. तेरा वर्षं मुंबईत काढली, मराठी शिकून मराठीत उपदेश केला, २० मार्च १८२६ रोजी नाशिकहून परतताना पटकीने (कॉलऱ्याने) गेले, एवढं लिहिलं की आपलं काम झालं.

या वेळी त्यांच्या घरच्यांबद्दल लिहावं असं मनात आहे. मुलांची प्रकृती मुंबईत टिकेना म्हणून १८२५ साली मार्गारेट हॉल दोन मुलग्यांना घेऊन अमेरिकेच्या जहाजात बसल्या. गॉर्डन मुंबईतच राहिले. दोघांतला एक मुलगा समुद्रावरच वारला. दुसरा वाचला, मोठा झाला आणि वडिलांचंच नाव लावून इथे नॉर्थॅम्प्टनला धर्मोपदेशक झाला.

अशा प्रवासाला आपण ‘मायदेशी परतल्या’ म्हणून मोकळे होतो. पण मार्गारेटबाई इंग्रज, मुंबईत राहणाऱ्या. १८१६ साली लग्नही मुंबईतच झालेलं. अमेरिका हा नवऱ्याचा देश. त्यांचं मागे टाकलेलं घर मुंबईत होतं, आणि पुढे निघाल्या होत्या त्या सासरी.

तेव्हा जहाजाला चार-पाच महिने सहज लागायचे. म्हणजे नवरा मार्चमध्ये वारला, तरी हे त्यांना कळेपर्यंत उन्हाळा उजाडला असणार. तोवर त्या गॉर्डनना पत्रं लिहीतच असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कोणाला काही सुचवायचं असेल तर कळवा.

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

ताई,

वाचलं, आणि वाईट वाटलं हे खरं. तरी दोन गोष्टी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ही मंडळी धर्मांतरासाठी आली होती आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. त्यांच्या घरगुती दुःखाला आपण फलक द्यावा का? आपल्याशी त्यांचा खरा संबंध कामापुरता आहे. मुंबईतला त्यांचा छापखाना १८१७ पासून मराठी छापू लागला, १८२४ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. ते लिहा ना.

दुसरं असं की नॉट पती-पत्नी १८१५ मध्येच आजारपणामुळे निघून गेले. जे अर्ध्यात परतले आणि जे शेवटपर्यंत राहिले त्यांना एका ओळीत बसवणं मला पटत नाही.

काका

---

प्रेषक: आरोग्य शिबिर समिती

काका, फक्त वैद्यकीय बाजूने लिहिते. १८१७ साली बंगालात जेसोरकडे उसळलेली पटकीची साथ पुढच्याच वर्षी मुंबईत पोचली होती. ती नेमक्या कोणत्या जंतूने होते हे सिद्ध व्हायला १८८३-८४ उजाडलं. पटकीत माणूस शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने दगावतो, तेही काही तासांत. मीठ-साखरेच्या पाण्याचा उपचार रूढ व्हायला विसाव्या शतकाची साठी उलटावी लागली. हॉल यांच्या काळात कॅलोमेल आणि अफूचा अर्क देत. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं संयुग. जुलाबाने कोरड्या पडलेल्या माणसाला जुलाब करवणारंच औषध! आजारी लेकराला बोटीत घालून थंड हवेकडे न्यायचं, याहून चांगला इलाज त्या काळच्या डॉक्टरांपाशी फारसा नव्हता. त्याला अर्धवट सोडून जाणं कसं म्हणायचं?

---

प्रेषक: वाचनालय समिती

काका,

राग कसला? धर्मांतराचा हेतू फलकावर पहिल्याच वाक्यात येईल, तो झाकायचा नाहीच. पण दुसरा मुद्दा मनाला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही ज्या छापखान्याचं म्हणता तो चालवण्यासाठी १८१६ साली होरेशियो बार्डवेल पत्नीसह मुंबईला आले होते. प्रकृती ढासळली आणि १८२१ मध्ये तेही परतले. त्याच वर्षी न्यूएल पटकीने मुंबईत वारले. त्यांची पहिली पत्नी हॅरिएट तर १८१२ मध्येच मॉरिशसला वारली, वय एकोणीस. आणि गॉर्डन हॉल यांचं चरित्र १८३४ साली कोणी लिहिलं? बार्डवेल यांनी. शेवटपर्यंत राहिलेल्या माणसाची कहाणी आपल्यापर्यंत आली ती अर्ध्यात परतलेल्या माणसाच्या हातून. नॉटही परतले म्हणून १८६९ पर्यंत जगले. केप कॉडला जाताना वेअरहॅम लागतं ना, तिथे ते बरीच वर्षं पाद्री होते.

आता घरचं सांगते. तुम्हाला ठाऊक आहे, आम्ही ‘कायमचे’ म्हणून पुण्याला गेलो होतो. धाकट्याचा दमा इतका वाढला की दोन वर्षांत सामान बांधून पुन्हा इथे यावं लागलं. पुण्यातले म्हणाले, ‘चाललात परत?’ इथे उतरल्यावर इथले म्हणाले, ‘आलात परत?’ दोन्हीकडे एकच सूर, की जमलं नाही वाटतं. रात्र रात्र मुलाला मांडीवर उभं धरून बसलेल्या आईला हे दोन शब्द किती बोचतात, ते मी सांगू शकते. मार्गारेटबाईंना तर एक लेकरू समुद्रात सोडून दुसऱ्याला घेऊन उतरावं लागलं.

मिशनची जुनी कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. सहलीआधी दोघी-तिघींनी जाऊन बसायचं का? मार्गारेटबाईंच्या हातचं एखादं पत्र सापडलं तर त्यांचेच शब्द फलकावर घेऊ.

नावांचा क्रम असा ठेवते: मार्गारेट, दोन मुलगे, मग गॉर्डन. काका, छापखान्याचा आणि शाळेचा परिच्छेद तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं नेमकं मला जमणार नाही. गुरुवारपर्यंत पाठवाल?

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

पाठवतो. छापखान्याच्या परिच्छेदात बार्डवेल यांचं नाव घालतो, सहकुटुंब.

धाकट्याला आशीर्वाद.

काका