दहावीचं उत्क्रांतीचं प्रकरण, घरची श्रद्धा आणि वर्गातले प्रश्न

खडूधूळ

राज्य मंडळाच्या दहावी विज्ञान भाग 2 मधलं पहिलंच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. शाळा उघडते न उघडते तोच हे येतं, वर्गाशी नीट ओळखही झालेली नसते. शाळा अनुदानित, वर्गात पन्नास-पंचावन्न मुलं, सगळ्या धर्मांच्या घरांतली. प्रश्न ठरलेले. माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत? दशावतारात हेच सांगितलंय ना? माणूस अल्लानं घडवला असं घरी सांगतात, मग पेपरात काय लिहू? अधूनमधून एखादे पालक 'आमच्या मुलाला हा धडा नको' म्हणतात.

कुणाला न दुखावता, पण विज्ञान पातळ न करता हे कसं शिकवावं? प्रयोगशाळा नावापुरतीच असलेल्या शाळेत जमेल असा एखादा प्रयोग आहे का? आणि कायदा नेमका काय म्हणतो? 'शेवटी दोन्ही एकच' छापाची उत्तरं कृपया नकोत.

शेवरी

'पेपरात काय लिहू' इथूनच सुरुवात करा, खरी भीती तिथे आहे. प्रश्नपत्रिका 'उत्क्रांतीचे पुरावे लिहा' म्हणते, 'तू हे मानतोस का' असं विचारत नाही. वर्गातही 'मानता का?' हे क्रियापद टाळा. 'यावरून काय दिसतं?' आणि 'हे चूक ठरायला काय सापडावं लागेल?' हे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्याचं उत्तर मुलं पटकन देतात: जिथे अजून मासेसुद्धा नाहीत अशा जुन्या थरात सशाचा सांगाडा सापडला तर सगळं गडबडेल. घरच्या श्रद्धेला हा प्रश्न विचारायचा नाही, कारण ती त्यासाठी नसतेच. एवढा फरक मुलांना कळला की निम्मा ताण जातो.

माकडाचं उत्तर चुलतभावावरून द्या. चुलतभाऊ तुझा पूर्वज नव्हे, पण दोघांचे आजोबा एक. माणूस आणि चिंपांझी यांचे समान पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचे. पण दृष्टान्तावर थांबू नका, कारण दृष्टान्त घरीही मिळतात. याच प्रकरणाच्या पहिल्या भागातलं गुणसूत्र इथे जोडा. चिंपांझीत गुणसूत्रांच्या 24 जोड्या, आपल्यात 23. मग एक जोडी गेली कुठे? आपलं 2 क्रमांकाचं गुणसूत्र हे दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालंय. एरवी फक्त टोकांना आढळणारे डीएनएचे क्रम त्याच्या मधोमध सापडतात. शेवटच्या बाकावरचं मूलसुद्धा हे ऐकताना सावरून बसतं.

दशावताराचा प्रश्न बहुतेक वेळा कौतुकानं विचारलेला असतो, तेव्हा खिल्ली नको. पण 'हो, तेच ते' असंही म्हणू नका. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम ओळखीचा वाटतो खरा, पण बदल कशामुळे होतो हे त्यात सांगितलेलं नाही. उत्क्रांती ही एकावर एक पायऱ्यांची शिडी नसून फांद्या फुटत गेलेलं झाड आहे. आजचा मासा माणसाइतकाच 'आजचा' आहे. शिवाय उद्या एखाद्या जीवाश्मामुळे पाठ्यपुस्तकातला क्रम बदलला, तर अवतारांचा क्रमही बदलायचा का? धार्मिक कथेला विज्ञानाचा टेकू दिला की टेकू हलेल तेव्हा कथाही हलते. भाविक पालकांनाही हे पटतं.

'जो सक्षम तोच जगेल' हे वाक्य फळ्यावर लिहिलंत तर खाली स्पष्टीकरण हवंच. शब्दप्रयोग मूळ हर्बर्ट स्पेन्सरचा (1864), डार्विननं तो नंतर घेतला. सक्षम म्हणजे दांडगा नव्हे, तर त्या जागी टिकून ज्याची पिल्लं जास्त वाढतात तो. हे राहून गेलं की मुलं त्यावरून माणसामाणसांत श्रेष्ठ-कनिष्ठ लावतात, आणि आपल्याकडे जातीवर घसरायला वेळ लागत नाही.

वाटाणेवाला

प्रयोग सांगतो. खर्च वाण्याकडच्या दोन पुड्या, वेळ एक तासिका.

वाळलेले हिरवे वाटाणे पाव किलो, पांढरे पाव किलो, एक हिरवी नक्षीदार चादर. एकरंगी चादर नको, तिच्यावर दोन्ही दाणे उठून दिसतात. 40 हिरवे आणि 40 पांढरे मोजून पसरा. चार मुलं 'पक्षी'. प्रत्येकानं एक दाणा टिपायचा, पाठ फिरवून वाटीत टाकायचा, परत वळून पुढचा टिपायचा, असे दहा. उरलेले 40 दाणे मोजा, रंगानुसार फळ्यावर लिहा. मग प्रत्येक उरलेल्या दाण्याला त्याच रंगाचं एक पिल्लू द्या. समजा 27 हिरवे आणि 13 पांढरे उरले, तर पुढची पिढी 54 आणि 26. पुन्हा 80 झाले. अशा तीन पिढ्या करा.

बिघडतं कुठे? मुलं मुठीनं उचलतात किंवा चाचपून घेतात, मग रंगाचा संबंधच राहत नाही. पाठ फिरवायचा नियम त्यासाठीच आहे. दुसरी चूक म्हणजे पिल्लं द्यायचा टप्पा वेळेअभावी गाळणं. तो गाळला तर मुलांनी फक्त शिकार पाहिली, निवड नाही. तिसरी जास्त महाग पडते: प्रयोगानंतर मुलं 'वाटाणे हिरवे झाले' असं लिहितात. एकही वाटाणा हिरवा झालेला नाही! बदललं ते समूहातलं प्रमाण. वहीत हे वाक्य लिहून घ्या.

दुसरा गट त्याच वेळी पांढऱ्या नक्षीदार चादरीवर बसवा, तिथे निकाल उलटा येतो. 'सक्षम' कोण हे जागा ठरवते, हे शेवरी म्हणतात ते इथे डोळ्यांनी दिसतं. तिसरा गट फक्त 4 आणि 4 दाण्यांवर, एकच पक्षी, चार टिपायचे. याचे निकाल वाटेल तसे उड्या मारतात, म्हणजे लहान समूहात योगायोगाचा हात मोठा.

प्रयोगाची मर्यादाही सांगून टाका: रंगातला फरक आपण आणून ठेवलाय. निसर्गात तो उत्परिवर्तनांतून (डीएनएत आपोआप होणाऱ्या बदलांतून) येतो, गरज पडली म्हणून नाही.

कलम_अठ्ठावीस

कायद्याचं बघू. संविधानाच्या अनुच्छेद 28(1) प्रमाणे पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे जिल्हा परिषद किंवा पालिकेच्या शाळेत, धार्मिक शिक्षण देता येत नाही. तुमची शाळा अनुदानित, तिला 28(3) लागू होतं: धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती नाही, विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. धर्मांविषयी शिकवणं वेगळं. ते चालतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली अरुणा रॉय प्रकरणात म्हटलं.

'हा धडा नको' म्हणणारे पालक नेमकं इथे गल्लत करतात. सवलत आहे ती धार्मिक शिक्षणातून, विज्ञानाच्या अभ्यासक्रमातून नाही. मुख्याध्यापकांनी लेखी उत्तर द्यावं: विषय मंडळाच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, मुलाला कोणतीही श्रद्धा सोडायला किंवा जाहीर करायला सांगितलं जाणार नाही. दुसरं वाक्य विसरू नका, भांडण त्यानंच मिटतं. आणि ते पाळायचंही. शिक्षकानं वर्गात 'देव नाहीच' असं म्हणणं हे 'देवानंच घडवलं' म्हणण्याइतकंच विज्ञानाच्या तासाबाहेरचं.

अनुच्छेद 51क(ज) मधलं वैज्ञानिक दृष्टिकोनाचं कलम हे 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं आलेलं मूलभूत कर्तव्य. त्याचा उल्लेख जरूर करा, पण ते मोडलं म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. जादूटोणाविरोधी कायदा (2013) या वादात आणू नका, त्याचा इथे काही संबंध नाही. डार्विनचा सिद्धांत चूक आहे म्हणणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये ऐकूनही घेतली नाही. सिद्धांत पटत नसेल तर स्वतःचा मांडा, अशा अर्थाचं सुनावलं.

खडूधूळ

वाटाणे आणि लेखी उत्तर, दोन्हींसाठी आभार. एक पालक म्हणाले, 'केंद्रानं हा धडा काढून टाकलाय, तुम्ही कशाला शिकवता?' यात तथ्य किती? आणि कार्बनी वयमापनावर, म्हणजे अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढण्यावर, मुलं हमखास अडकतात, तेही कुणी सांगा.

भूस्तर

अर्धं तथ्य. कोविडनंतर अभ्यास कमी करताना एनसीईआरटीनं (केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेनं) दहावीच्या प्रकरणातून उत्क्रांती वगळली, 'आनुवंशिकता' तेवढी ठेवली. 2023 च्या पुस्तकांत ते दिसलं तेव्हा 1800 हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात धडा आहे, पण दहावीनंतर विज्ञान सोडणारी मुलं तिथवर पोचत नाहीत. ते पुस्तक वेगळं, राज्य मंडळाचं वेगळं. पालकांना बालभारतीची अनुक्रमणिका दाखवा. 'डार्विन चूक, अभ्यासक्रमातून काढा' हे केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांचं विधानही आपल्याच औरंगाबादेत झालं होतं, जानेवारी 2018 मध्ये. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून ते खोडलं.

आता कार्बन. कार्बन-14 हा जीव मेल्यावर हळूहळू घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन; त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, 5730 वर्षं. नऊ अर्धायुकाल, म्हणजे सुमारे 50 हजार वर्षं गेली की मूळच्या पाचशेवा भागच उरतो, मोजणार काय? म्हणून 'डायनोसॉरचं वय कार्बननं काढलं' हे उत्तर चूक, आणि दरवर्षी लिहिलं जातं. इतक्या जुन्या थरांसाठी ज्वालामुखी खडकांतलं पोटॅशियम-आरगॉन (अर्धायुकाल सुमारे 125 कोटी वर्षं) किंवा युरेनियम-शिसं या पद्धती वापरतात.

उदाहरण परदेशातलं कशाला? आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा इथे डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळाले आणि 2005 मध्ये त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले. डायनोसॉर असताना गवत नव्हतंच, असं तोवर मानत. पुरावा आला, म्हणणं बदललं. 'हे चूक ठरायला काय सापडावं लागेल?' या शेवरींच्या प्रश्नाला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

शेवरी

हे माझ्या टिपणात घेते. खडूधूळ, क्रम असा लावा: पहिल्या तासाला वाटाणे, कुठलाही वादाचा शब्द न काढता. दुसऱ्याला अवशेषांगं (आता उपयोग न उरलेले अवयव), जोडणारे दुवे (दोन गटांची लक्षणं असलेले जीव) आणि पिसदुरा. गुणसूत्र 2 आणि माकडाचा प्रश्न तिसऱ्याला. माणूस पहिल्याच तासाला आणला की मुलं घरी जाऊन तेवढंच सांगतात आणि बाकीचा धडा फोनवरच्या भांडणात जातो.

वाटाणेवाला

चादरीखाली सतरंजी घाला, नुसत्या फरशीवर दाणे घरंगळतात आणि मोजणी चुकते.