मदत हवी आहे: भाचीला ‘शिष्यवृत्ती’ मिळाली म्हणतात, पण २ लाख ८५ हजार आपणच भरायचे

नमस्कार मंडळी,

मी चाकणला कंपनीत आहे, गाव नारायणगावजवळ. प्रश्न भाचीचा आहे. ती अकरावी सायन्सला, तालुक्यातल्याच ज्युनियर कॉलेजात. दहावीला ९४ टक्के. त्यांच्या गच्चीवरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या दोन तबकड्या दिसतात. त्यामुळे की कशामुळे माहीत नाही, पण चौथीपासून ‘मला तिथे काम करायचंय’ हे एकच पालुपद चालू आहे. दाजींची अडीच एकर बागायत, टोमॅटो आणि कांदा. २०२३च्या जुलैत टोमॅटोने सगळ्या तालुक्याचे डोळे दिपवले होते, पण आमच्या दाजींचा माल तेव्हा संपत आला होता. असो, तो वेगळाच विषय आहे.

गेल्या रविवारी पुण्यात एका हॉटेलात सेमिनार होता, कॉलेजमधल्या कोणीतरी पत्ता दिला. एसी हॉल, चहा-बिस्किटं, चकचकीत फाईल. मुलांची तासाभराची परीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेल: अभिनंदन, तुमची निवड झाली, ४० टक्के शिष्यवृत्ती. मे महिन्यात एका परदेशी विद्यापीठाच्या आवारात दोन आठवडे ‘अंतराळ विज्ञान’. मूळ फी ४,७५,०००, शिष्यवृत्ती वजा जाता २,८५,०००. विमानाचं तिकीट आणि व्हिसा वेगळा. जागा पक्की करायची तर येत्या रविवारपर्यंत २५,००० भरा, ते परत मिळणार नाहीत.

दाजी म्हणतात, कांद्याचे पैसे आले की भरून टाकू, पोरीचं आयुष्य आहे. ताई काहीच बोलत नाही, पण तिचा हात दोनदा गळ्याकडे गेलेला मी पाहिलाय. भाची स्वतः म्हणाली, “मामा, परीक्षेत शेवटचे आठ प्रश्न मी सोडूनच दिले होते, तरी निवड कशी झाली?”

मला माहितगारांकडून दोन गोष्टी हव्यात. हे असं जाऊन पुढे प्रवेशाला काही उपयोग होतो का? आणि हे सोडलं, तर तिच्यासारख्या मुलीला खरोखर मिळू शकणाऱ्या शिष्यवृत्त्या आणि सुट्टीतले कार्यक्रम कोणते? घरात कोणीच पदवीपर्यंत गेलेलं नाही, त्यामुळे शून्यापासून सांगितलंत तरी चालेल.

— चाकणकर मामा


दूरदेशी:
मामा, भाचीने लाखातला प्रश्न विचारलाय. तिला शाबासकी द्या आणि २५,००० खिशातच ठेवा.

मी बरीच वर्षं परदेशी प्रवेशांच्या कामात आहे. अशा बहुतेक प्रकारांत विद्यापीठाचा संबंध घरमालकाइतकाच असतो. उन्हाळ्यात वसतिगृहं रिकामी असतात, एखादी कंपनी ती भाड्याने घेते आणि फाईलवर इमारतीचा फोटो छापते. प्रमाणपत्र कंपनीचं. प्रवेश देणाऱ्यांना हे सगळं पाठ असतं, त्यांच्या लेखी ती सहलच.

फोन करून तीनच गोष्टी विचारा. हा कार्यक्रम विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कुठे दिसतो? शिकवणारे तिथले प्राध्यापक आहेत का, त्यांची नावं काय? परीक्षेला बसलेल्यांपैकी किती जणांना नाकारलं? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला नाही तर मला कळवा.

तुलनेसाठी सांगतो, एमआयटीत ‘आरएसआय’ नावाचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम होतो. तिथे निवड होणं महाकठीण, पण निवड झाली की शिकणं, राहणं, जेवण फुकट, प्रवासखर्च तेवढा आपला. आणि परदेशातच शिकायचं असेल तर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी ही विद्यापीठं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत आणि प्रवेश दिला की गरजेइतकी मदत करतात. दार अरुंद आहे, पण तिकीट विकत घेऊन आत जाता येत नाही एवढं खरं.


टेबल नंबर चार:
मी एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळतो. वरचं सगळं पटलं. आता जमिनीवरचं बोलू.

पहिलं, आधार. हे आजच करा, बारावीनंतर नाही. सरकारी शिष्यवृत्तीचा पैसा आधारमार्गे जातो, आणि आधार एका वेळी एकाच बँकेकडे बोट दाखवतं: सगळ्यात शेवटी जिथे जोडलं तिथे. तुम्ही पासबुक कुठलं दाखवता याला अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा माझ्याकडे चार महिने खेटे घालत होता. पोर्टलवर ‘रक्कम जमा’, पासबुकात छदाम नाही. शेवटी माझ्याच मोबाईलवर आधारच्या संकेतस्थळावर जाऊन ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं, तर तिथे भलत्याच पेमेंट बँकेचं नाव. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा दोनदा ठेवून घेतला होता, त्यात खातं उघडलं गेलं. पोराला पत्ताच नाही! पैसे तिथे सुखरूप होते म्हणून बरं.

दुसरं, नाव. दहावीची गुणपत्रिका, आधार, बँक, या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षरशः एकच हवं. वडिलांच्या नावात ‘राव’ एकीकडे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून अर्ज परत आलेले पाहिलेत.

तिसरं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर. जात वैधतेची फाईल अकरावीतच कॉलेजमार्फत टाका. निकालानंतर सेतूबाहेर जी रांग लागते तिच्यात उभं राहायची हौस असेल तर थांबा.

आता योजना. भाची इंजिनियरिंगला गेली तर २०२४-२५ पासून राज्याने मुलींना मोठी सवलत दिली आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि आर्थिक मागास घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. मात्र प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतूनच हवा. ‘मॅनेजमेंट कोट्यातून लगेच सीट देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागलात की ही सवलत गेली. शिवाय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’, खास मुलींसाठी, वर्षाला ५०,०००, तिलाही उत्पन्नाची अट ८ लाखांचीच.

साधी पदवी घेतली तर केंद्राची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती आहे. बोर्डात आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत यायचं आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. पदवीला वर्षाला १२,००० मिळतात. रक्कम छोटी वाटेल, पण आमच्याकडे यावर वर्षभराचा एसटी पास आणि पुस्तकं भागवणारी मुलं आहेत. दरवर्षी नूतनीकरण करायला विसरू नका, निम्मी मुलं तिथेच गळतात.


खगोलखुळा:
अहो, मुलीला तबकड्यांशी काम करायचंय आणि तुम्ही सगळे तिला इंजिनियरिंगला काय पाठवताय!

मामा, खोडदचं जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, तिथे लोकांना आत सोडतात आणि शाळा-कॉलेजच्या मुलांचं विज्ञान प्रदर्शनही भरतं. भाची आजवर कधी प्रकल्प घेऊन गेली आहे का? नसेल तर कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना उद्याच गाठा. तिथे उभं राहून शास्त्रज्ञांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हे त्या दोन आठवड्यांपेक्षा मोलाचं. भाडं किती, तर नारायणगावहून वडापचं.

उन्हाळ्याबद्दल खरं सांगू का, अकरावी-बारावीच्या मधल्या सुट्टीत आपल्याकडे फारसं काही नाही. इस्रोचं ‘युविका’ शिबिर छान आहे, सगळा खर्च तेच करतात आणि पंचायत भागातल्या शाळांच्या मुलांना निवडीत जास्तीचे गुणही देतात, पण ते नववीसाठी. तुमची गाडी गेली. धाकटं भावंड असेल तर लक्षात ठेवा. ऑलिम्पियाडची शिबिरं मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात उन्हाळ्यातच होतात, पण तिथे अर्ज करून जाता येत नाही. आधी नोव्हेंबरची राष्ट्रीय परीक्षा, मग जानेवारी-फेब्रुवारीतली दुसरी, त्यातून वेचक मुलं. येत्या नोव्हेंबरात तिला खगोलाच्या किंवा भौतिकीच्या पेपरला जरूर बसवा. नोंदणी आधीच संपते, कॉलेजमध्ये गणपतीच्या आधी चौकशी करा.

खरी मजा बारावीनंतर आहे. बारावीला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञान घेतलं, तर ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती: वर्षाला ८०,०००. त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० कशासाठी, तर उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाकडे प्रकल्प करायला! म्हणजे तुमचा सेमिनारवाला जे विकतोय, ते सरकार पैसे देऊन करून घेतं. दुसरा रस्ता ‘नेस्ट’ परीक्षेचा. त्यातून भुवनेश्वरचं नायसर किंवा मुंबईत कलिना आवारातलं सीईबीएस, या दोन विज्ञान संस्था. पाच वर्षांची एमएस्सी, आणि पात्र मुलांना अणुऊर्जा विभागाची ‘दिशा’ शिष्यवृत्ती, तिथेही ६०,००० अधिक उन्हाळी कामासाठी २०,०००. पुण्यात पाषाणला आयसर ही तशीच विज्ञान संस्था आहे, तिच्यासाठी आयएटी ही वेगळी परीक्षा. आणि पदवीला असताना आयुका आणि एनसीआरए (खोडदची दुर्बीण चालवणारी संस्था) या पुण्यातल्या खगोल संस्थांची रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा असते, ती तर तिच्यासाठीच काढल्यासारखी आहे.


ओतूरची पोर:
खगोलखुळा यांना अनुमोदन. फक्त राहण्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पुण्यात फी माफ झाली तरी खोली आणि मेस घर धुऊन नेते. ‘विद्यार्थी साहाय्यक समिती’ची वसतिगृहं बघा. १९५५ची संस्था, ग्रामीण भागातल्या गरजू मुला-मुलींसाठी. मुलाखत घेऊन प्रवेश, खर्च नाममात्र, पण ‘कमवा आणि शिका’ आहे आणि शिस्त आहे. मी अशाच एका वसतिगृहात राहून शिकले. पहिल्या आठवड्यात चाळीस जणींच्या पोळ्या लाटताना रडले होते. मामा, तिला कणीक मळता येते का?


शंकेखोर:
सगळे मुलीला पळवायलाच निघालेत. सुट्टीत झोपू द्या की तिला जरा. (प्रश्न विचारणाऱ्याने आतापर्यंत फोन केला असेल तर काय झालं ते सांगा. उत्सुकता आहे.)


चाकणकर मामा:
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ताईकडे बसून सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले. कणीक मळते, पोळ्या मात्र अजून नकाशासारख्या.

फोन केला. पहिल्या प्रश्नाला “लिंक पाठवतो” म्हणाले, ती त्यांच्याच कंपनीच्या पानाची निघाली. दुसऱ्याला “जागतिक दर्जाचे मार्गदर्शक”. तिसऱ्याला ती बाई म्हणाली, “सर, आम्ही निगेटिव्ह विचार करत नाही.” दाजी स्पीकरवर ऐकत होते. त्यांनीच फोन ठेवला आणि गोठ्यात निघून गेले. तासाभराने आले ते कांद्याच्या भावावर बोलत.

टेबल नंबर चार, तुम्हाला वाकून नमस्कार. आधार बघितलं. भाचीचं जोडलेलं खातं तालुक्याच्या बँकेचं नाहीच, अगदी तुम्ही म्हणालात तसलं सिमकार्डवालं निघालं. उद्या बँकेत जाऊन बदलून घेतोय.

प्रदर्शनासाठी सरांना भेटलो. “एवढे दिवस कुठे होती ही मुलगी?” म्हणाले. ती त्यांच्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसते.

आता एक नवीन अडचण. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, तिघा भावांचं एकत्र खातं, वाटणी तोंडी झालेली. उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठी सगळ्या जमिनीचं उत्पन्न दाजींच्या नावावर धरतील का? असं कोणी केलं असेल तर सोबत काय काय न्यावं लागलं ते सांगा. सोमवारी रजा टाकून जुन्नरला तहसीलला जातोय.


टेबल नंबर चार:
तहसीलला नंतर, आधी गावच्या तलाठ्याला गाठा, दाखल्याचं मूळ त्यांच्या अहवालात असतं. तोंडी वाटणीत कोणाच्या वाट्याला किती जमीन आहे ते स्पष्ट लिहिलेलं स्वयंघोषणापत्र, रेशनकार्ड वेगळं असेल तर ते, आठ-अ चा उतारा आणि आजोबांना सोबत न्या. कागदापेक्षा आजोबांचा जास्त उपयोग होतो. आणि हो, दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा लागतो ते बघून काढा, भाचीला तो पुढच्या वर्षी पुन्हा लागेलच. सोमवारी काय झालं ते इथेच लिहा.