ज्येष्ठा कोणाची? ‘गौर’, ‘महालक्ष्म्या’ आणि ‘अक्काबाई’ : शब्दचर्चा

मूळ प्रश्न

माझे माहेर पुण्याचे, चित्पावनी वळणाचे, आणि सासर अकोल्याचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी ‘महालक्ष्म्यांना चार दिवस आधी या’ असा निरोप दिला, तेव्हा मी मनात आश्विनाचा हिशेब मांडला. कारण आमच्याकडे महालक्ष्मी म्हणजे नवरात्रातल्या अष्टमीची, जिचा मुखवटा तांदळाच्या उकडीचा करतात आणि जिच्यापुढे रात्री घागरी फुंकतात ती. भाद्रपदात येते ती आमची ‘गौर’, आणि तीही पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची. सुदैवाने गैरसमज वेळेत दूर झाला, पण तेव्हापासून या सणाच्या शब्दांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

पहिला प्रश्न वचनाचा आहे. मराठीतला ‘गौर’ हा शब्द स्त्रीलिंगी अकारान्त असून विहीर–विहिरी या चालीने त्याचे अनेकवचन ‘गौरी’ होते, आणि संस्कृतातले एकवचनही ‘गौरी’च आहे. त्यामुळे ‘गौरी’ हा शब्द कानावर पडला तर देवी एक की दोन, हे पुढचे क्रियापद येईपर्यंत कळत नाही : गौरी आली, गौरी आल्या. (तत्सम शब्दाचे नदी–नद्या या चालीने ‘गौऱ्या’ करता आले असते, पण ते शेणाच्या गोवऱ्यांच्या फारच जवळ जाते, आणि गोवऱ्या मसणात जाण्याचा वाक्प्रचार असलेल्या भाषेत तसे धाडस कोण करील?)

दुसरा प्रश्न ‘ज्येष्ठा’ या शब्दाचा. हा सण तिथीपेक्षा नक्षत्रावर चालतो : अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. ‘मैत्रेणावाहयेद्देवीं ज्येष्ठायां तु प्रपूजयेत् । मूले विसर्जयेद्देवीं त्रिदिनं व्रतमुत्तमम् ॥’ हा नेहमी सांगितला जाणारा श्लोकही तेच सांगतो. त्यातले ‘मैत्र’ म्हणजे अनुराधा, कारण त्या नक्षत्राची देवता मित्र आहे. या श्लोकातली देवी एकवचनी आहे, आणि ‘ज्येष्ठा’ हे तिचे नाव नसून पूजेचे नक्षत्र आहे. यावरून मला असे वाटते, की ‘ज्येष्ठा गौरी’ याचा मूळ अर्थ ‘ज्येष्ठा नक्षत्रावर पुजली जाणारी गौरी’ एवढाच असावा. पुढे ऐकणाऱ्यांनी ‘ज्येष्ठा’चा अर्थ ‘थोरली’ असा घेतला, आणि थोरली आहे म्हटल्यावर धाकटी हवीच, म्हणून ‘कनिष्ठा’ आली. सत्तावीस नक्षत्रांत धनिष्ठा आहे, कनिष्ठा नाही.

हे अनुमान मला पटते, पण एक काटा राहतो. ज्येष्ठा हे पुराणांत अलक्ष्मीचेही नाव आहे. समुद्रमंथनातून ती लक्ष्मीच्या आधी निघाली, म्हणून ती थोरली. मराठीने हिलाच ‘अक्काबाई’ म्हटले आणि दारिद्र्य येण्याला ‘अक्काबाईचा फेरा’ हे नाव दिले. मग जिच्या फेऱ्याला भ्यायचे, तिच्याच नावाच्या देवीसाठी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावले कशी काय उमटवतात?

पहिला प्रतिसाद, वाशीम जिल्ह्यातून

ताई, आपल्या सासूबाई ‘महालक्ष्म्या’ म्हणतात ते आमच्याकडचे सर्वसाधारण बोलणे आहे. मराठवाड्यातही बहुतेक ठिकाणी हेच नाव चालते. आमच्याकडे विचारतात ते असे : ‘तुमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या की खड्याच्या?’ गंमत अशी, की उभ्या असलेल्यांनाही आम्ही ‘बसवतोच’. ‘महालक्ष्म्या कधी बसतात?’ हा प्रश्न कोणालाही विसंगत वाटत नाही, कारण येथे ‘बसणे’ म्हणजे मुक्काम करणे.

आपण नावाकडे पाहिलेत, मी देहाकडे लक्ष वेधतो. ज्या पोकळ धडावर मुखवटा ठेवून साडी नेसवतात, त्याला आमच्याकडे ‘कोथळा’ म्हणतात. हा शब्द उर्वरित महाराष्ट्राला बहुधा अफझलखानामुळेच माहीत आहे. कोथळा म्हणजे मोठी पिशवी, थैली. त्यावरून पोट, आणि त्यावरून वाघनखांनी जे बाहेर काढले ते. महालक्ष्मीच्या कोथळ्यात मात्र गहू, तांदूळ असे धान्य भरतात. आमच्या आजी कोथळे भरताना ‘आधी तिचं पोट भरू द्या, मग आपलं’ असे म्हणत असत; शब्दाचा मूळ अर्थ त्यांना कोणी शिकवलेला नव्हता, पण तो त्यांच्या हातात होता.

दोघींच्या पुढे एक मुलगा आणि एक मुलगी अशी दोन पिले मांडतात, त्यांना ‘पिलवंडे’ म्हणतात. नैवेद्याला पुरणपोळी, ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्या असतात, आणि वर फुलोरा टांगलेला असतो. आवाहनाच्या संध्याकाळी ताट-चमचा वाजवत मुखवटे घरभर फिरवतात. एकीने ‘कोण आलं?’ म्हणायचे, दुसरीने ‘महालक्ष्मी आली’ म्हणायचे, ‘कशाच्या पावलांनी?’, ‘सोन्याच्या पावलांनी’. या संवादात क्रियापद एकवचनी आहे, हे आपला प्रश्न वाचेपर्यंत माझ्या कधीच लक्षात आले नव्हते. दोन मुखवटे दोघींच्या हातांत असतात, आणि आम्ही म्हणतो ‘आली’.

दुसरा प्रतिसाद, रत्नागिरी जिल्ह्यातून

आमच्या गावात गौर एकच, आणि तिला धाकटी बहीण नाही. मुली आणि सुना रानातून तेरड्याची रोपे मुळासकट आणतात आणि त्यांची जुडी बांधून तिला साडी-दागिने घालतात; काही घरांत वर मुखवटा लावतात, काही घरांत तेवढेही नसते. खड्यांची गौर असलेल्या घरांत खडे आणणारी मुलगी वाटेत बोलत नाही, आणि ते टाळण्यासाठी काही ठिकाणी तिला तोंडात पाणी धरायला सांगतात. म्हणजे झाड, दगड किंवा मुखवटा यांपैकी काहीही गौर होऊ शकते. ‘गौर’ हे आमच्याकडे मूर्तीचे नाव नसून, आणल्यानंतर त्या वस्तूला मिळणारे पद आहे, असे मला वाटते.

आपल्या यादीत ‘ओवसा’ हा शब्द हवा. नवी सून सुपात फळे, पाने, विड्याचे सामान वगैरे भरून गौरीला ओवाळते आणि ती सुपे घरातल्या वडीलधाऱ्यांना देते. या कृतीला ‘ओवसणे’ असे क्रियापदही आहे. पण नव्या सुनेचा पहिला ओवसा दरवर्षी होत नाही. गौर ‘पूर्वा’त आली तरच तो होतो, आणि ही पूर्वा म्हणजे चंद्राचे नक्षत्र नव्हे, शेतकरी पावसासाठी मोजतात ते सूर्याचे. त्यामुळे एखादीला लग्नानंतर दोन-तीन वर्षेही थांबावे लागते. ‘ओवसा’ आणि व्रत या अर्थाचा ‘वसा’ हे शब्द जवळचे वाटतात, तथापि नुसत्या ध्वनिसाम्यावर मी पैज लावणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी देशावरच्या मंडळींना चमत्कारिक वाटते. कोकणातल्या अनेक समाजांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा किंवा माशांचा नैवेद्य असतो, आणि तो दाखवताना काही घरांत गणपतीसमोर पडदा ओढतात. लेकीचे जेवण लेकीच्या आवडीचे आणि मुलाचे मुलाच्या आवडीचे, इतकी साधी ती व्यवस्था आहे.

तिसरा प्रतिसाद, बेंगळुरूहून

वरील प्रतिसादातले सूप वाचून राहवले नाही. कर्नाटकात गौरी गणपतीच्या मागून नव्हे, एक दिवस आधी, भाद्रपद शुद्ध तृतीयेला येते, आणि त्या सणाला ‘गौरी हब्ब’ म्हणतात. त्या दिवशी सुवासिनी एकमेकींना ‘मोरद बागिना’ देतात. कन्नडमध्ये ‘मोर’ म्हणजे सूप आणि ‘बागिना’ म्हणजे वाण. दिवस वेगळा, नक्षत्राचा संबंध नाही, जोडदेवी नाही. तरीही सूप तेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपले नक्षत्राचे अनुमान सुबक आहे, पण ते ज्येष्ठादेवीला फार लवकर दाराबाहेर काढते. दक्षिणेत ज्येष्ठेची स्वतंत्र पूजा होत असे. कांचीपुरमच्या पल्लवकालीन कैलासनाथ मंदिरात तिचे शिल्प आहे, आणि तमिळ प्रदेशात इतरत्रही अनेक आहेत. या शिल्पांत ती मोठ्या पोटाची, पाय सोडून बसलेली असते. कावळ्याचा ध्वज ही तिची खूण. तिच्या एका बाजूला बैलाचे तोंड असलेला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला तरुण मुलगी असते. धान्याने भरलेला कोथळा आणि एक मुलगा-एक मुलगी अशी पिलवंडे यांचे वर्णन वाचताना मला ही शिल्पेच आठवली. दोहोंत ऐतिहासिक नाते आहे असे मी म्हणत नाही. परंतु जिला आपण केवळ नक्षत्र म्हणता, ती कधीकाळी नावारूपाची देवी होती आणि लोक तिला काहीतरी मागत होते, एवढे निश्चित.

तिचे पुढे जे झाले तेही शब्दांतच दिसते. तमिळमध्ये ‘मूदेवी’ म्हणजे शब्दशः थोरली देवी. आज ती शिवी आहे, आळशी आणि दळिद्री माणसाला देतात. ‘अक्काबाई’ची घडणही अशीच आहे, कारण ‘अक्का’ हा थोरल्या बहिणीसाठीचा द्राविडी भाषांतला शब्द. मात्र सोलापूर-कोल्हापूरकडे याच ‘अक्का’ने घरोघरी थोरल्या बहिणीला प्रेमाने हाक मारतात. तेव्हा दोष शब्दात नाही.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. बेंगळुरूच्या प्रतिसादानंतर मी माझ्या अनुमानाचा अर्धा भाग मागे घेते. ‘कनिष्ठा’ ही मागाहून जोडलेली आहे, हे मला अजूनही वाटते, आणि रत्नागिरीच्या एकट्या गौरीने व वाशीमच्या एकवचनी ‘आली’ने त्याला बळच मिळते. पण ‘ज्येष्ठा’ म्हणजे निव्वळ नक्षत्र, हे म्हणणे मी सोडते. देवीच्या नावामुळेच तिच्या पूजेसाठी ते नक्षत्र निवडले गेले असण्याची शक्यता मी मुळीच विचारात घेतली नव्हती. जाता जाता, ज्या मूळ नक्षत्रावर आपण तिची बोळवण करतो, त्याची देवता निर्ऋती आहे, आणि निर्ऋती म्हणजे वेदातली दुर्दैवाची देवी. अक्काबाई आपल्या पंचांगातून कधी पूर्णपणे गेलीच नाही, असे दिसते.

माझा काटा मात्र कहाणीने काढला. ज्येष्ठागौरीची कहाणी लहानपणापासून ऐकली होती. आता या प्रश्नासाठी पुन्हा वाचली. मुले गौर आणा म्हणून हट्ट धरतात, घरात दाणा नाही, म्हणून गरीब ब्राह्मण जीव द्यायला तळ्यावर जातो, तेथे त्याला एक म्हातारी सवाष्ण भेटते. तो तिला घरी आणतो. बायकोने विचारल्यावर ‘आजी’ म्हणून सांगतो. बायको कण्या पाहायला जाते, तर मडके भरलेले निघते. दुसऱ्या दिवशी आजी घावन-घाटले मागते, तर तेही होते. निरोप घेताना ती वाळू देते आणि ती घरभर, मडक्यावर, पेटीत, गोठ्यात टाकायला सांगते. शेवटी तीच सांगते, की तळ्याच्या पाळीवर जाऊन दोन खडे आणावेत आणि त्यांना ज्येष्ठागौर व कनिष्ठागौर म्हणावे.

येथे देवी शालू नेसलेली तरुण सुवासिनी होऊन येत नाही. ती थोरली आहे, म्हातारी आहे, आणि जेथे दारिद्र्य आहे त्याच घरी येते. म्हणजे अक्काबाईचे वय आणि अक्काबाईचे घर, दोन्ही तिने घेतले आहे. फरक एवढाच की त्या माणसाने तिला ‘आजी’ म्हटले आणि आत घेतले. मला वाटते, ज्येष्ठा या शब्दाचा अर्थ मराठीत फिरला तो या हाकेपाशी.

वाशीमचा प्रतिसाद, पुन्हा

ताई, तपशिलाची एक भर घालतो. यंदा आमच्या घरी मांडताना मी मुद्दाम विचारले, की ज्येष्ठा कोणती आणि कनिष्ठा कोणती. दोन्ही मुखवटे एकाच साच्यातले आहेत. आईने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘जिचा कोथळा आधी भरला, ती थोरली.’