कारखाना एकच, पण माल एकच असेल असं नाही

"स्टोअर ब्रँड (दुकानाने स्वतःच्या नावाने विकलेला माल) म्हणजे नामांकित ब्रँडच्याच कारखान्यातला तोच माल, फक्त लेबल वेगळं" असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. कारखाना एक असू शकतो, पण कृती आणि कच्च्या मालाचा दर्जा ऑर्डर देणारा ठरवतो. त्यामुळे पाकीट उलटं करून बघण्याला पर्याय नाही.

घटकांची यादी साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. केचपच्या दोन बाटल्या शेजारी धरा. एकीवर टोमॅटो पहिला असेल, तर दुसरीवर पाणी नाहीतर साखर, आणि पाठोपाठ स्टार्च. स्वस्त का, ते तिथेच कळतं. (कधीकधी ही दुसरी बाटलीच नामांकित ब्रँडची निघते, ते वेगळं!)

मीठ, साखर, खायचा सोडा यांत मात्र नावासाठी जादा पैसे मोजणं मला तरी पटत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं की शेफ मंडळी घरासाठी असे जिन्नस घेताना स्टोअर ब्रँडकडे इतरांपेक्षा जास्त वळतात. डोकेदुखीच्या गोळ्या घेताना फार्मासिस्टही तेच करतात.

चहा-कॉफीचं गणित निराळं. तिथे मिश्रणाची चव जिभेवर बसलेली असते, मग ब्रँड सोडवत नाही, आणि सोडूही नये.

बाकी, तुलना करताना पाकिटाची किंमत नको, शंभर ग्रॅमचा भाव काढा. ऑफर चालू असली की ब्रँडेड मालही स्वस्त पडतो.