मदत हवी आहे: घरातली हवा मोजायला कोणते सेन्सर घेऊ?

नमस्कार मंडळी. चिंचवडला राहतो, शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे आणि आईला दमा. म्हणून ईएसपी३२ वर (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) हवा मोजायचं यंत्र करतोय.

सुरुवातीला स्वस्त म्हणून एमक्यू-१३५ हा गॅस सेन्सर आणला. लसणाची फोडणी पडली की आकडा उड्या मारतो! नंतर कळलं की तो कार्बन डायऑक्साइड वेगळा ओळखतच नाही, कुठल्याही वासाला भुलतो. तो आता ड्रॉवरमध्ये पडलाय.

धुळीसाठी (पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) पीएमएस५००३ घेऊ की एसडीएस०११? दुसऱ्याच्या लेझरचं आयुष्य ८००० तास दिलंय, म्हणजे सतत चालवला तर वर्षभरही नाही. पहिल्याच्या पंख्याला ५ व्होल्ट लागतात, पण डेटा ईएसपीसारखाच ३.३ व्होल्टवर, त्यामुळे थेट जोडता येईल. मन तिकडेच झुकतंय. पण पावसाळ्यात दमट हवेत हे सेन्सर आकडा फुगवून दाखवतात, त्यावर तुम्ही काय करता? आर्द्रता बघून दुरुस्ती, की सरळ दुर्लक्ष?

कार्बन डायऑक्साइडसाठी एमएच-झेड१९बी खिशाला परवडतो. अडचण अशी की तो २४ तासांतला सर्वांत कमी आकडा ४०० पीपीएम (दहा लाख भागांत ४०० भाग, साधारण बाहेरच्या मोकळ्या हवेइतका) धरून स्वतःला जुळवतो, आणि आईची खोली थंडीत दिवसरात्र बंद, म्हणजे तिथला आकडा तेवढा खाली येतच नाही. ही सवय बंद करून कुणी वापरलाय का? की महाग असला तरी एससीडी४१ च घेऊ?

तापमानाला बीएमई२८० घेतलाय. ईएसपीच्या उष्णतेपासून तो किती लांब ठेवायचा, तेही सांगा. यंत्र ठेवायचा डबा स्टीलचा नाही, प्लास्टिकचाच आहे. आईने स्टीलचा द्यायला साफ नकार दिला.