एएफएलचे रिझर्व्ह संघ आणि राज्य लीग : हा कसला उपकार?

कोबर्गकर :
काल इथे एकाने लिहिलं की एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉलची राष्ट्रीय लीग) क्लबांनी आपले रिझर्व्ह म्हणजे दुय्यम संघ उतरवले म्हणूनच व्हीएफएल (व्हिक्टोरिया), एसएएनएफएल (साउथ ऑस्ट्रेलिया) आणि डब्ल्यूएएफएल (वेस्टर्न ऑस्ट्रेलिया) या राज्य लीग तग धरून आहेत, आणि जुन्या क्लबांनी आता मुकाट्याने एएफएलसाठी खेळाडू घडवणाऱ्या नर्सरीचं काम करावं. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९९ पर्यंत एएफएलची स्वतःची रिझर्व्ह स्पर्धा होती. ती बंद करून २००० पासून हा सगळा भार व्हीएफएलवर टाकला. आधी भागीदारी करायची, गरज संपली की हात झटकायचे, हेच तेव्हापासून चालू आहे. एएफएलच्या एसेंडनने २०१३ मध्ये स्वतंत्र रिझर्व्ह संघ काढला आणि त्यांचा व्हीएफएलमधला भागीदार बेंडिगो उघड्यावर पडलं. नाव बदलून दोन हंगाम रेटले, २०१४ नंतर ते व्हीएफएलमधून गेलेच. कार्लटनने २०२० मध्ये नॉर्दर्न ब्लूजशी संबंध तोडले, तेव्हा तो क्लब बुडता बुडता वाचला. आमच्या कोबर्गला रिचमंडने २०१४ मध्ये सोडलं. लिस्टवरचे (एएफएल क्लबशी करारबद्ध) खेळाडू गेले की त्यांच्याबरोबर प्रायोजक जातात, फिजिओ जातो, मैदानाच्या देखभालीचे पैसे जातात. मागे उरतात स्वयंसेवक आणि कँटीन. आणि वर उपकाराची भाषा!

हाफबॅक :
कोबर्गकर, तुमचा राग समजतो, पण तुम्ही फक्त खजिनदाराच्या खुर्चीतून बघताय. कोचच्या जागी बसून बघा. २०१४ पूर्वी अ‍ॅडलेड आणि पोर्ट अ‍ॅडलेड या एएफएल क्लबांचे खेळाडू एसएएनएफएलच्या वेगवेगळ्या क्लबांत विखुरलेले असायचे. जितके क्लब तितके कोच आणि तितक्याच पद्धती. एएफएल क्लबला एखाद्या उंच फॉरवर्डला बॅकलाइनमध्ये तयार करायचं असतं. यजमान कोचला शनिवारी जिंकायचं असतं, तो त्याला गोलसमोरच उभा करतो. हॅमस्ट्रिंगमधून परतलेल्याला निम्माच वेळ खेळवायचा असतो, आणि सामना अटीतटीला आला की तो चौथ्या क्वार्टरमध्येही मैदानावर दिसतो. किक-इनची (गोल हुकल्यावर चेंडू पुन्हा खेळात आणतानाची) मांडणी, स्टॉपेजवर (खेळ थांबून पुन्हा सुरू होताना) कोणी कुठे उभं राहायचं, चेंडू गमावल्यावर बचावाची फळी किती वर चढवायची, या गोष्टी रिझर्व्हमध्ये हुबेहूब सिनियरसारख्या असल्या तरच वर गेलेला मुलगा पहिल्या क्वार्टरपासून उपयोगी पडतो.

मार्लियन पिकेटचंच बघा. २०१९ च्या मिड-सीझन ड्राफ्टमध्ये (भर हंगामातल्या खेळाडू निवडीत) रिचमंडने त्याला डब्ल्यूएएफएलच्या साउथ फ्रीमँटलमधून घेतलं. तो त्यांच्या व्हीएफएल संघात खेळला, व्हीएफएल फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि एएफएलमधला त्याचा पहिलाच सामना होता ग्रँड फायनल. पद्धत आधीच अंगवळणी पडली होती म्हणून ते जमलं. एएफएलच्या वेस्टर्न बुलडॉग्जचा रिझर्व्ह संघ फुटस्क्रे, त्याने स्वतंत्र झाल्यावर पहिल्याच वर्षी, २०१४ मध्ये, व्हीएफएल जिंकली. २०१६ मध्ये तर बुलडॉग्जनी एएफएल आणि व्हीएफएल असे दोन्ही फ्लॅग (विजेतेपदं) घेतले.

वेरिबी_आउटर :
पिकेटचं उदाहरण देताना साउथ फ्रीमँटलने भर हंगामात काय गमावलं, ते एका शब्दाने लिहिलं नाहीत. तेही लिहा की.

स्वॉनकाठ :
हाफबॅक यांची मांडणी कागदावर छान आहे. आता हिशेब मांडू. लिस्टवर साधारण ४२ ते ४४ खेळाडू. त्यातले २३ सिनियर संघात. उरले वीसेक. मे-जूनपर्यंत सहा ते दहा जखमी. कन्कशन (डोक्याला मार लागून झालेली दुखापत) झालं तर किमान १२ दिवस बाहेर. इमर्जन्सी म्हणजे राखीव खेळाडू सिनियर संघाबरोबर दुसऱ्या राज्यात गेले तर तेही वजा. हाती राहतात दहा-बारा. बाकीची निम्मी टीम टॉप-अप (लिस्टबाहेरून भरती केलेल्या) खेळाडूंची.

हे टॉप-अप कुठून आणणार? चांगला खेळाडू क्लेरमाँट किंवा सुबियाकोसारखा डब्ल्यूएएफएल क्लब सोडून अशा संघात का येईल, जिथे लिस्टवरचे बरे होताच त्याची जागा जाते? पर्थच्या वेस्ट कोस्ट या एएफएल क्लबने २०१९ पासून डब्ल्यूएएफएलमध्ये स्वतःचा संघ उतरवला. २०२२ आणि २०२३ मध्ये दुखापतींची लाट आली आणि हा संघ तळाला गेला. एकच रक (चेंडू उंच उडवल्यावर झेपावणारा उंच खेळाडू) उरला की तो चार क्वार्टर एकटा ओढतो, पुढच्या आठवड्यात तोही जखमी. अशा सामन्यांतून तरुण खेळाडू कोणती पद्धत शिकतो? मोठ्या फरकाने हरण्याची?

हाफबॅक :
मग त्याआधीची वेस्ट कोस्टची ईस्ट पर्थबरोबरची भागीदारी बरी होती का? पाच हंगाम ती चालली आणि ईस्ट पर्थचे जुने सभासदच वैतागले होते.

स्वॉनकाठ :
वैतागणारच. क्लबमध्ये वाढलेल्या पोराला बाकावर बसवून लिस्टवरच्याला जागा द्यायची, आणि तीही गुरुवारी रात्री कळवायची! मात्र वैतागले म्हणून स्वतंत्र संघ हेच उत्तर, हे कुठून आलं?

मांडुराकर :
भागीदारीला सरसकट नावं ठेवू नका. मांडुराचं पील थंडर १९९७ मध्ये डब्ल्यूएएफएलमध्ये आलं आणि एएफएलच्या फ्रीमँटलशी जोडलं जाईपर्यंत त्याला एकही फ्लॅग मिळाला नव्हता. २०१४ ला भागीदारी झाली, त्यानंतर २०१६, २०१७ आणि २०२४. मांडुरातल्या मुलांना आज घराजवळ जिंकणारा क्लब आहे.

लीडरविल_जुना :
ते फ्लॅग मोजूच नका! तिन्ही वर्षं तपासा. २०१६ मध्ये फ्रीमँटल सोळावं आलं, २०१७ मध्येही फायनल्सबाहेर (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांबाहेर), २०२४ मध्येही बाहेर. म्हणजे फ्रीमँटलचा हंगाम ऑगस्टमध्ये संपला आणि सप्टेंबरमध्ये लिस्टवरची ताजी फळी पीलला मिळाली. ज्या वर्षी फ्रीमँटल फायनल्समध्ये असतं, त्या वर्षी सगळे सिनियर संघासाठी राखून ठेवलेले. वरचा क्लब वाईट खेळला की खालच्याचं फावतं, ही कसली स्पर्धा? २०१६ आणि २०१७ मध्ये सुबियाको फायनल हरलं, तेही वर्षभर आपल्याच माणसांवर खेळून.

मांडुराकर :
अहो, पात्रतेचा नियम आहे. हंगामात पीलकडून ठराविक सामने खेळल्याशिवाय फायनल्समध्ये उतरता येत नाही. वर्षभर एएफएल खेळणारा स्टार अचानक येऊन बसत नाही. आणि त्या संघांत पीलचे स्वतःचे खेळाडू नव्हते का? त्यांची मेहनत एका वाक्यात पुसून टाकताय, हे मला मान्य नाही.

लीडरविल_जुना :
नियमाने स्टार अडतो, सिनियर संघाच्या काठावरचा खेळाडू अडत नाही. व्यावसायिक क्लबमध्ये पूर्ण वेळ सराव करणारे असे दहा जण एका बाजूला, आणि दिवसभर वायरिंगचं काम करून संध्याकाळी सरावाला येणारे समोर. अंतर तिथेच पडतं. तुमच्या खेळाडूंच्या मेहनतीबद्दल मी बोललोच नाही, उगाच अंगावर घेऊ नका.

मांडुराकर :
अंगावर कसं नाही घेणार? दर सप्टेंबरला हेच ऐकवता.

अल्बर्टन :
पर्थचं भांडण थोडं थांबवा. सगळ्यात मोठी किंमत पोर्ट अ‍ॅडलेडने मोजली आहे आणि अजून कोणी त्याचं नावही काढलं नाही. १८७० चा क्लब, एसएएनएफएलचे ३६ फ्लॅग. २०१४ पासून मॅगपाय, म्हणजे पोर्टचा एसएएनएफएल संघ, हा एएफएल क्लबचा रिझर्व्ह संघ. स्थानिक मुलं घडवणारा आपला झोन (भरतीचा ठरलेला भाग) गेला. २०१४ ची फायनल नॉरवुडकडून चार गुणांनी गेली, २०१७ ची स्टर्टकडून एका गुणाने. इतकी ताकद असूनही तेव्हापासून एकही फ्लॅग नाही, म्हणजे रिझर्व्ह संघ लीग गिळून टाकतात हेही खरं नाही.

कोबर्गकर :
अल्बर्टन, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. रिझर्व्ह संघामुळे दोघांचंही नुकसान होतं. लीगला कधी बलाढ्य तर कधी दुबळा पाहुणा मिळतो. एसएएनएफएल किंवा डब्ल्यूएएफएलच्या दहा संघांत सगळे एकमेकांशी दोनदा खेळतात, पण एप्रिलमध्ये गाठ पडली तर समोर पंधरा लिस्टवाले, जुलैमध्ये पडली तर सात. शेवटी टक्केवारीवर (केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या प्रमाणावर) फायनल्सची जागा ठरते तेव्हा हा फरक नडतो. व्हीएफएलमध्ये तर २०२१ ला नीएफएल या उत्तर-पूर्वेकडच्या लीगचे क्लब आल्यापासून सगळ्या संघांशी एकेकदासुद्धा गाठ पडत नाही.

हाफबॅक :
तारखेचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मान्य. मग राष्ट्रीय रिझर्व्ह स्पर्धा करा. अठरा क्लब, सिनियर सामन्याआधी त्याच मैदानावर रिझर्व्हचा सामना, आणि एकाच विमानाने दोन्ही संघ.

वेरिबी_आउटर :
आणि ते दहा-बारा टॉप-अप? मेलबर्न ते पर्थ चार तासांचं उड्डाण. शुक्रवारी कामावरून सुट्टी, रविवारी परत, आणि त्या आठवड्यात लिस्टवरचा कोणी फिट झाला तर तिकीट रद्द. असा माणूस दोन महिन्यांत स्थानिक लीगमध्ये जाईल, तिथे पैसेही बरे मिळतात. वेरिबीने २०२४ मध्ये कोणत्याही एएफएल क्लबशिवाय व्हीएफएल जिंकली, १९९३ नंतर पहिल्यांदा. संघ वर्षभर तोच राहिला तर काय होतं, ते तिथे दिसलं.

लीडरविल_जुना :
स्पर्धा बदलणं लांबची गोष्ट आहे. आधी इतकं करा : फायनल्समध्ये लिस्टवरच्या खेळाडूंची संख्या ठरवून टाका, आणि तो आकडा हंगामात दर आठवड्याला प्रत्यक्ष उतरलेल्यांच्या सरासरीपेक्षा जास्त नको. जूनमध्ये नऊ जण पाठवले असतील, तर सप्टेंबरमध्ये सोळा पाठवता येणार नाहीत.

मांडुराकर :
सरासरी पूर्ण हंगामाची धरणार असाल आणि जखमींचे आठवडे वगळणार असाल, तर मी विरोध करणार नाही. पण हाच नियम वेस्ट कोस्टच्या स्वतंत्र संघालाही लागू झाला पाहिजे.